काकूंचा धंदा बसला

“अगं, माझा धंदा बसला बघ,” काकू म्हणाल्या.

आता काकूंना धंदा कसला? काका पिंपरीच्या एका कंपनीतून निवृत्त, मुलगा जर्मनीत, वरचा मजला भाड्यानं दिलेला. पण मला लगेच उमगलं. काकूंचा धंदा म्हणजे बातम्या. आमच्या निगडी प्राधिकरणात कुणाचा प्लॉट कुणी घेतला, कुणाची सून माहेरी गेली ती डोहाळजेवणाला की कायमची, रात्री अकराला कुणाच्या दारात ॲम्ब्युलन्स थांबली, हे सगळं काकूंकडे जमा असतं. आणि ते पेपरात यायच्या लायकीचं नसल्यामुळे बहुतेक वेळा खरं असतं.

आमच्या गप्पांचं वेळापत्रक महापालिकेच्या हातात आहे. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी आपापल्या बाजूला पाइप धरून कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या. भिंत छातीएवढी. तिच्यावर काकूंच्या बाजूनं मधुमालती, माझ्या बाजूनं वाळत घातलेली पायपुसणी. पाणी आहे तोवर गप्पा. महापालिकेनं रोज पाणी सुरू केलं तर आमचं काय होईल, ही मला कधीकधी चिंता वाटते.

“बसला म्हणजे?”

“बसमध्येच बसला. ऐक. परवा मोशीला निघाले होते, धाकटीकडे. भोसरीला गाडी बदलली, राजगुरुनगरची धरली. खिडकी मिळाली. म्हटलं, जरा डोळा लागेल. तर मागच्या सीटवर एक बाबा. पन्नाशीचा असेल. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं फोन काढला आणि कानाला लावायचा सोडून तोंडासमोर असा आडवा धरला. बशीतून चहा पितात ना, तसा. स्पीकर चालू. पलीकडून बाई बोलतेय. मेहुणी असणार, दर वाक्याला ‘दाजी, दाजी’ चाललेलं. ‘दाजी, मुलीकडच्यांना काय सांगितलंय?’ हा म्हणतो, ‘पोरगा पर्मनंट आहे म्हणून सांगितलंय.’ ती म्हणते, ‘आणि आहे का?’ हा म्हणतो, ‘कुठला! कॉन्ट्रॅक्टवरच आहे अजून. बघू, दिवाळीपर्यंत होईल काहीतरी. पण तू बोलू नकोस कुठं.’”

काकूंनी पाइप दुसऱ्या हातात घेतला.

“अख्ख्या बसला ऐकवून तिला सांगतोय, बोलू नकोस कुठं!”

मीही माझा पाइप जास्वंदीच्या आळ्यात टाकला, कारण आता दोन्ही कान मोकळे हवे होते. चाकण पट्ट्यात ‘पर्मनंट’ हा शब्द पत्रिकेतल्या गुरुबळापेक्षा भारी. एकाच लाइनवर, एकाच गाडीला बोल्ट लावणारी दोन पोरं. एकाचं कार्ड कंपनीचं, दुसऱ्याचं ठेकेदाराचं. पगारात फरक, बोनसमध्ये फरक, आणि लग्नाच्या बाजारात तर जमीन-अस्मानाचा. मुलीचा बाप आधी विचारतो पर्मनंट का, मग विचारतो गोत्र. त्यामुळे त्या बाबानं जे बसभर उधळलं, ते काही साधंसुधं नव्हतं. एका घराचं पूर्ण गणित होतं.

“मग?”

“मग काय! मी अशी मान खिडकीकडे करून बसले, पण कान मागे. मोशी आलं. कंडक्टर ओरडला, मोशी, मोशी. आणि नेमका त्याच वेळी बाबा म्हणतो, ‘मुलगी निगडीची आहे, बँकेत आहे.’ आता तूच सांग, मी उतरणार कशी?”

“उतरला नाहीत?”

“चिंबळी फाट्याला उतरले. वरचं तिकीट काढावं लागलं. कंडक्टर म्हणतो, आजी झोपला होता का? म्हटलं, हो.”

काकूंना हसू आलं नाही. त्या खरोखर दुखावलेल्या होत्या. मला वाटलं, मुलीची काळजी. ती होतीच, पण दुखणं वेगळं होतं.

“तुला म्हणून सांगते, आमच्या वेळी बातमी अशी पडलेली नसायची. मेहनत असायची. हळदीकुंकवाला जायचं, वाटीभर साखर मागायची, सत्यनारायणाला शेवटपर्यंत बसायचं, भांडी आवरू लागायची, तेव्हा कुठं कुणी सैल व्हायचं. आणि सांगणाराही बघून सांगायचा. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग पदर तोंडाला. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कुठलं नाव गाळायचं, याला काही रीत होती. आता भाजीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत. मग मला कोण विचारतं?”

हे मला नवीन होतं. मोबाईलच्या त्रासावर आजवर जे जे ऐकलं ते आवाजाबद्दल होतं. डोकं दुखतं, झोपमोड होते, वाचता येत नाही. पण चहाडीखोरांचंही काही शील असतं आणि मोबाईलवाल्यांनी ते बुडवलं, ही तक्रार पहिल्यांदाच ऐकली. आणि विचार केला तर खोटी नाही. कुंपणावर बोलणारी बाई आधी चौफेर बघते. बसमध्ये फोनवर बोलणारा माणूस आजूबाजूची चाळीस माणसं आहेत असं धरतच नाही. आपण म्हणजे सीटची रेक्झिन.

“आठवतं का तुला, आकुर्डीला चौकात एसटीडीचा बूथ होता? पिवळी पाटी?”

मी म्हटलं, आमच्या गावीही होता. बूथ सगळ्या महाराष्ट्रात सारखाच. काचेची केबिन, आत एक स्टूल, एक छोटा पंखा जो फोन उचलला की फिरायचा, समोर लाल आकड्यांचं मीटर. रात्री अकरानंतर दर पावपट व्हायचा, म्हणून साडेदहापासून रांग.

“त्या केबिनला दार होतं,” काकू म्हणाल्या. “बाहेर दहा माणसं उभी असायची, पण आतलं बाहेर येत नव्हतं. माझा भाऊ गेला तो निरोप मी त्या केबिनमध्ये घेतला. दार लावून रडले, डोळे पुसले, मग बाहेर आले. पैसे दिले. बूथवाल्यानं सुट्टे परत दिले नाहीत, उलट घेतलेले परत दिले. त्याला काचेतून कळलं असणार. पण ऐकलं नव्हतं त्यानं.”

थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज.

तेवढ्यात समोरचे अण्णा दुधाची पिशवी घेऊन आले. अण्णा तहसील कचेरीतून निवृत्त. त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुःखावर एक परिपत्रक असतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. फाटकाबाहेर थांबून, न बोलावता, ते चर्चेत दाखल झाले.

“वहिनी, बोलणं महाग होतं तोवर हळू होतं. एकतीस जुलै 1995. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर जायचा. आलेल्या फोनलासुद्धा पैसे! आमच्या साहेबांचा फोन वाजला की ते आधी घड्याळ बघायचे, मग म्हणायचे, ‘ठेव, लँडलाइनवरून करतो.’ 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, आणि 2016 च्या सप्टेंबरपासून तर सगळंच फुकटाच्या मोलाचं. तेव्हापासून माणसं बोलायची थांबलीच नाहीत.”

“बोलतात ते एकवेळ चालेल,” मी म्हटलं, “पण त्या रील.”

यावर तिघांचं एकमत झालं, जे आमच्या गल्लीत क्वचित होतं. मेट्रो सुरू झाली तेव्हा, मार्च 2022 मध्ये, आम्ही सगळे पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत उगाचच जाऊन आलो होतो. केवढी शांतता होती! जो तो खिडकीतून आपलंच गाव वरून बघत होता. दापोडीपर्यंतचं आयुष्य ज्यांनी खालच्या रस्त्यावरच्या धुरात काढलं, ती माणसं तोंडावर बोट ठेवल्यासारखी गप्प. आता तीच गाडी स्वारगेटला जाते, आणि डब्यात एखादं पोरगं एकच रील सतरा वेळा बघतं. दहा सेकंदांचं गाणं, मग एक राक्षसी हसण्याचा आवाज, मग परत तेच गाणं. पोराचा चेहरा मात्र निर्विकार. तो बघतही नसतो, अंगठा फिरवायचा राहून गेलेला असतो. काकूंचं म्हणणं, “त्या बाबाच्या फोनला निदान कथानक तरी होतं.”

मी मध्येच माझं ज्ञान पाजळलं. कुठंतरी वाचलं होतं की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये एक प्रयोग मांडला. दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर कामात फारसा अडथळा येत नाही. पण फोनवरच्या एकाच माणसाचं, म्हणजे अर्धंच बोलणं ऐकू आलं, की लक्ष उडतं. कारण उरलेलं अर्धं आपला मेंदू जुळवत बसतो. ‘हो का? कधी? अरे देवा! आणि मंगळसूत्र?’ एवढंच ऐकू आलं, तर कोण आपल्या कामात लक्ष घालेल?

काकूंनी हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग स्पीकर लावतात ते आपल्या सोयीसाठीच म्हणायचं. अर्धवट नको म्हणून.”

अण्णा हसले आणि त्यांनी नाटकाचा विषय काढला. तो ते काढणारच होते. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर, आणि आमच्या अण्णांची तिसरी-चौथी रांग. नाटकाच्या आधी सूचना होते, मोबाईल बंद ठेवा. आणि ती सूचना ऐकताना माणसं मोबाईलवर बघत असतात, असं अण्णा सांगतात.

“2019 च्या जुलैमध्ये सुबोध भावेनं फेसबुकवर लिहिलं होतं, वाचलं होतं का? ‘अश्रूंची झाली फुले’चे प्रयोग चालू होते. कानेटकरांचं नाटक. लाल्याची भूमिका. जी काशिनाथ घाणेकरांनी गाजवली, आणि घाणेकरांवरचा सिनेमा ह्यानंच केलेला. म्हणजे केवढं ओझं घेऊन माणूस उभा राहतो तिथं! आणि ऐन प्रसंगात कुणाच्या तरी पर्समधून रिंगटोन. तो वैतागून म्हणाला, असंच चालणार असेल तर मी नाटकात काम करणंच थांबवतो. त्याच वर्षी मुंबई महापालिकेनं ठराव केला, नाट्यगृहात जॅमर बसवायचे. आता जॅमर म्हणजे काय डासांची अगरबत्ती आहे? केंद्राच्या परवानगीशिवाय लावताच येत नाही. आणि लावलाच, तर प्रेक्षकांत बसलेल्या डॉक्टरचा तातडीचा फोनही अडणार.”

“मग उपाय काय?” मी.

“उपाय माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. मागच्या महिन्यात. ऐन शोकप्रसंगात फोन वाजला. बाईंनी पर्स उघडली. पर्समध्ये पाउच, पाउचमध्ये अजून एक पाउच. तोवर रंगमंचावरची नटी थांबून उभी. बाईंनी अखेर फोन काढला, आणि बंद केला असेल असं वाटतं ना? नाही. घेतला. खाली वाकून, तोंडावर हात धरून कुजबुजल्या, ‘नाटकात आहे, नंतर करते. काय? नाही गं, विशेष नाही.’ विशेष नाही! शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मला त्या नटीकडे बघवेना.”

यानंतर अण्णांनी अपेक्षेप्रमाणे परिपत्रकं काढली. जुलै 2021 मध्ये सामान्य प्रशासन विभागानं सरकारी कर्मचाऱ्यांसाठी काढलेलं: कचेरीच्या कामाला शक्यतो लँडलाइन वापरा, मोबाईलवर सौम्य आवाजात बोला, वाद घालू नका, खासगी फोन बाहेर जाऊन घ्या. मग जानेवारी 2022 मध्ये रेल्वेचं: रात्री दहानंतर डब्यात मोठ्यानं बोलणं आणि हेडफोनशिवाय गाणी बंद. मग एप्रिल 2023 मध्ये मुंबईत बेस्टचं: बसमध्ये हेडफोन लावल्याशिवाय आवाज नको, नाहीतर पोलीस कायद्याखाली कारवाई.

“अण्णा,” काकू म्हणाल्या, “ती सगळी परिपत्रकं छान आहेत. पण ज्यांच्यासाठी काढली ते फोनवर आहेत. त्यांना ऐकू कुठं जातं?”

अण्णांनी दुधाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

मला आमच्या ह्यांची गोष्ट आठवली. हे चाकण एमआयडीसीत, महाळुंग्याच्या बाजूला. शॉपफ्लोअरवर फोन न्यायचा नाही. गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर, आत गेलं की फोन लॉकरमध्ये. चाकणात बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत. नव्या गाडीचा फोटो बाहेर जायला नको हे एक, आणि मशीनवर हात चालू असताना नजर खाली जायला नको हे दुसरं. म्हणजे काय, तर ह्या पट्ट्यातली हजारो माणसं रोज आठ तास फोनशिवाय राहतात, आणि कुणाचं काही अडत नाही. गाड्या बनतात. बायका बाळंत होतात. सासरे आजारी पडतात. फारच निकडीचं असेल तर सुपरवायझरच्या टेबलावर निरोप येतो.

“म्हणजे जमतं की!” काकू.

“आत जमतं,” मी म्हटलं. “बाहेरचं ऐका.”

कारण शिफ्ट सुटली की लॉकरमधून आठ तास कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. कंपनीच्या बसमध्ये चढता चढता प्रत्येकाचा फोन जागा होतो. टिंग टिंग टिंग. एक बायकोशी बोलतोय, दुसरा हप्तेवाल्याशी, तिसरा गावाकडे भावाला मोटर चालू कर म्हणून सांगतोय, आणि चौथा मॅच. पुढे तळेगाव चौकात गाडी अडकते. ती अडकल्यावर खिडकीतून व्हिडिओ काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवरचे सगळे त्याच चौकात, तीन गाड्या मागे. सेकंड शिफ्टच्या गाडीला हे चालून जातं, माणसं जागी असतात. पण थर्ड शिफ्टची गाडी सकाळी परत येते तेव्हा निम्मी माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असतात. रात्रभर उभं राहून आलेली. तिथं एका नव्या पोरानं एकदा स्पीकरवर गाणी लावली. हे सांगतात, कुणी भांडलं नाही. मागच्या सीटवरचा एक जुना ऑपरेटर उठला, पोराच्या शेजारी जाऊन बसला, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेला. पोरानं गाणं बंद केलं. खांदा हलवला नाही भोसरीपर्यंत.

ह्यांना मागे एकदा कंपनीनं ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं. तिथं फोनच्या सायलेंटला ‘मॅनर मोड’ म्हणतात. मुका नाही, शांत नाही, ‘रीतभात’. रेल्वेत घोषणा होते की फोन रीतभातीवर ठेवा आणि बोलणं टाळा, आणि माणसं ठेवतात. हे आल्यावर आठवडाभर घरात मॅनर मोड, मॅनर मोड करत होते. मग एका रविवारी माझ्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला आणि जपान संपलं.

“जपान कशाला,” काकू म्हणाल्या, “माझं माहेर बघ की. आमच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की फोन बंद, टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा वाजला की चालू. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर बोलत बसायचं. लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर आली ना, त्यात पोरं बिघडली म्हणून गावानं ठरवलं. 2022 च्या पंधरा ऑगस्टपासून. सुरुवातीला घरोघर जाऊन सांगायला लागलं, मग पडलं वळण. माझी चुलत वहिनी तिथली. तिला विचारलं, त्या दीड तासात काय करता गं? म्हणाली, ओट्यावर बसतो.”

“आणि?”

“आणि काय! बातम्या!” काकूंच्या डोळ्यांत असूया अगदी स्पष्ट दिसली. “दीड तास! रोज! सरकारमान्य!”

ग्रामपंचायत म्हणजे सरकार धरलं तर ते बरोबरही होतं. अण्णा म्हणाले, निगडीत भोंगा लावून बघा. तो पहिल्या शिफ्टचा समजून निम्मं गाव डबा घेऊन बाहेर पडेल.

एवढ्यात घरातून काकांचा आवाज आला. “अगं, चहा ठेवतेस ना!” हे वाक्य त्यांनी आतल्या खोलीतून म्हटलं आणि समोरच्या इस्त्रीवाल्यानं वर बघितलं. काका भांडत नव्हते. काका तसेच बोलतात. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली त्यांनी. पत्र्यावर प्रेस पडते तो आवाज ज्यानं जवळून ऐकलाय त्याला सांगायला नको. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाहीतर हातानं खुणा. त्या काळात इयरप्लग दिले तरी कुणी घालायचं नाही, मशीनचा आवाज बदललेला कळायला पाहिजे म्हणून. निवृत्त झाले तेव्हा घड्याळ मिळालं, आणि कान तिथंच राहिले. आवाजानं येणारा बहिरेपणा हा फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदलेला आजार होता, अशी भर अण्णांनी घातली, आणि यावेळी त्यांना कुणी हसलं नाही.

मला वाटतं, आमच्या गावाच्या मोठ्या आवाजाचं थोडं मूळ इथं आहे. एक पिढीच्या पिढी हातोड्यांच्या, प्रेसच्या आणि कंप्रेसरच्या सोबतीनं म्हातारी झाली. ती माणसं आता पीएमपीच्या बसमध्ये, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर फोन आडवा धरतात, कारण कानाला लावून काही कळत नाही. त्यांच्यावर मला डोळे वटारता येत नाहीत. मेट्रोतल्या त्या रीलवाल्या पोराला काय झालंय, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याचे कान तर शाबूत आहेत.

“ह्यांचं कानाचं मशीन टेबलाच्या खणात आहे,” काकू म्हणाल्या. “मुलानं पाठवलेलं. घालत नाहीत. म्हणतात, ते घातलं की बाहेरचे फोन ऐकू येतात.”

मुलाचा फोन रोज रात्री साडेनऊला येतो. तिकडे संध्याकाळ असते, तो कामावरून परतताना ट्रेनमधून बोलतो. काका ओट्यावर खुर्ची टाकतात, काकू शेजारी बसतात, फोन काकांच्या पोटावर, आवाज पूर्ण. मुलगा म्हणतो, “आई, हळू बोला, मी ट्रेनमध्ये आहे, इथले लोक बघतात.” त्यावर काकू म्हणतात, “तू हळू बोल, तू तिकडे आहेस. आम्ही आमच्या घरात आहोत.” हे मला कसं माहीत? मला काय, अण्णांना माहीत आहे. वरच्या भाडेकरूंना माहीत आहे. काकूंची साखर जेवणानंतर किती, जर्मनीतल्या घराचा हप्ता किती, सूनबाईंच्या आईचं आणि काकूंचं कशावरून बिनसलं, हे सगळं साडेनऊ ते दहा या वेळात मधुमालती ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात येतं. मी भांडी घासत असते. आजवर मी त्यातला एक शब्दही कुणाला सांगितलेला नाही. काकूंनीच शिकवलेली रीत. गेल्या गुरुवारी तर नळ बंद करून ऐकावं लागलं, आणि समोर गॅलरीत अण्णा उभे दिसले. आमची नजरानजर झाली आणि दोघंही आत गेलो.

“मग त्या निगडीच्या मुलीचं काय केलंत?” मी विषय मूळ जागी आणला.

“काय करणार? फुकट पडलेली बातमी. ती मी वापरत नाही,” काकू ताठ्यात म्हणाल्या. मग जरा थांबून, “आपल्या मागच्या गल्लीत एक मुलगी आहे बँकेत. तीच असेल असं नाही. निगडीत बँका काय कमी आहेत? पण तिची आई काल देवळात भेटली. मी एवढंच म्हटलं, हल्ली स्थळ बघताना मुलाची पगाराची स्लिप बघून घेतात म्हणे. स्लिपवर ठेकेदाराचं नाव असतं कधीकधी.”

“त्या काय म्हणाल्या?”

“काही नाही म्हणाली. प्रसाद घ्यायचा विसरून घरी गेली.”

अण्णा खोकले, आणि दूध खराब होईल म्हणून निघाले. पण निघाले ते फाटकापर्यंतच. तिथं चपलेत काहीतरी गेल्यासारखं करत उभे राहिले.

पाण्याचा जोर कमी झाला होता. काकूंनी पाइप खाली ठेवला, हात पदराला पुसले. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग वरच्या गॅलरीकडे. अण्णांची पाठ होती. मग त्या भिंतीशी अगदी जवळ आल्या, मधुमालतीची एक फांदी बाजूला केली आणि पदर तोंडाला लावला.

“ऐक. कुणाला बोलायचं नाही. तीन महिने झाल्याशिवाय सांगू नये म्हणतात, म्हणून मी अजून सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. सूनबाईंना दिवस गेलेत.”

फाटकापाशी अण्णांचा हात चपलेवरच थांबला.

“अगं बाई!” मी पाइप सोडून दोन्ही हात गालावर नेले. “खरंच काकू? कधी कळलं?”

काकूंचा चेहरा असा काही उजळला की मी अजून एकदा म्हटलं, अगं बाई.

“गुरुवारी,” त्या कुजबुजल्या. “बघ, पहिलं तुलाच सांगतेय.”